कोयता, चिठ्ठी आणि संगणकातले मुकादम

मोठी संगणकप्रणाली माणसांनी ओळ न ओळ लिहून काढण्याऐवजी तिचे काम स्वायत्त सॉफ्टवेअर एजंटांना वाटून द्यायचे, हा गेल्या दोन-तीन वर्षांत जोर धरलेला प्रयोग आहे. अशा एजंटाला काय हवे ते सांगतात. कसे करायचे ते त्याचे तो ठरवतो. फायली उघडतो, कोड लिहितो, चाचण्या चालवतो, फसले तर पुन्हा लिहितो आणि काम आवाक्याबाहेरचे निघाले तर त्याचे तुकडे पाडून दुसऱ्या एजंटांकडे सोपवतो. याची चर्चा अशी चालते, जणू असे काही माणसाने यापूर्वी केलेच नाही. पण ज्यांच्यावर क्षणोक्षणी नजर ठेवता येत नाही, जे आपल्या अकलेने काम उरकतात आणि पुढे दुसऱ्यांना वाटून देतात, अशा हस्तकांच्या जोरावर अवाढव्य यंत्रणा चालवण्याचा पाऊणशे वर्षांचा अनुभव अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या गाठीशी आहे. तो साखर कारखान्यांच्या ऊसतोडीत आहे. त्या इतिहासावरून माझे म्हणणे असे आहे की अशी यंत्रणा हस्तकांच्या हुशारीवर उभी राहत नाही. कामाच्या आखलेल्या हद्दी, मोजणी आणि जाब द्यायला बांधलेला माणूस, या तिन्हींवर ती उभी राहते. आणि ज्याची मोजणी नाही, ज्याचा जाब कोणी देत नाही, नेमके तिथे तिचे दोष साचतात.

जिल्ह्याचा उत्तर भाग कालव्यांनी बदलला. दारणा धरणाचे पाणी नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यावरून गोदावरीच्या कालव्यांनी कोपरगाव-राहात्याकडे आले. भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पुरे झाले आणि ओझरच्या बंधाऱ्यापासून निघालेल्या प्रवरेच्या डाव्या-उजव्या कालव्यांनी संगमनेरपासून खाली श्रीरामपूर-नेवाशापर्यंतचे रान भिजू लागले. पाणी आले, ऊस उभा राहिला, पण लहान बागायतदाराच्या हाती गुऱ्हाळ आणि गूळच राहिला; १९३० च्या दशकातील मंदीत गुळाचे भाव कोसळले तेव्हा त्याच्याजवळ दुसरी वाट नव्हती. साखर काढत होत्या त्या कंपन्या. हरेगावची बेलापूर कंपनी आधीपासून होती. १९३२ मध्ये साखरेला आयातीपासून संरक्षण मिळाल्यावर टिळकनगरला डहाणूकरांचा, साकरवाडी-लक्ष्मीवाडीला सोमय्यांचा कारखाना उभा राहिला. या कंपन्यांनी शेतकऱ्यांच्या हजारो एकर जमिनी खंडाने घेतल्या आणि त्यावर स्वतःचे मळे केले. लागण कधी, पाणी कधी, तोड कधी, सगळे एकाच कचेरीतून ठरत असे. संगणकाच्या भाषेत सांगायचे तर सगळी बुद्धी मध्यभागी आणि टोकाला फक्त हात. ही पद्धत साखर काढण्यात कमी पडली नाही. तिचा पाया मात्र दुसऱ्याच्या जमिनीवर होता. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याने तो काढून घेतला, जमिनी १९६३ मध्ये स्थापन झालेल्या शेती महामंडळाकडे गेल्या आणि मूळ मालकांच्या वारसांना, खंडकऱ्यांना, त्या परत मिळवण्यासाठी पुढे कित्येक दशके झगडावे लागले.

त्याआधीच याच भागातल्या लोणी गावात वेगळी मांडणी सुरू झाली होती. १९४५ मध्ये आजच्या श्रीरामपूरला, तेव्हाच्या बेलापूर रोडला, दख्खनच्या कालव्यांवरील बागायतदारांची परिषद भरली. अध्यक्ष होते पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ. लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव हिंडून शेतकऱ्यांकडून भागभांडवल उभे केले, वैकुंठभाई मेहतांनी सरकारातून पाठबळ दिले आणि १९५०-५१ मध्ये प्रवरा सहकारी साखर कारखान्याचा पहिला हंगाम पार पडला. गाडगीळ-विखे या जोडीबद्दल भरपूर लिहिले गेले आहे. इथे मला त्यातली एकच गोष्ट हवी आहे. कंपनीच्या मळ्याच्या जागी आता शेकडो, पुढे हजारो सभासदांचे विखुरलेले तुकडे आले. कोणाचा दोन एकर, कोणाचा अर्धा. कोणाची लागण आडसाली हंगामाची, कोणाची सुरू हंगामाची, कोणाचा खोडवा. प्रत्येकाची लागणीची तारीख निराळी, रस्ता निराळा. एका कचेरीत बसून या प्रत्येक तुकड्यावर माणूस उभा करणे कोणत्याही कारखान्याला परवडणारे नव्हते.

आणि ऊस थांबत नाही. तोडलेल्या उसातली साखर तासागणिक घटते. चोवीस तासांच्या आत तो कारखान्याच्या गव्हाणीत पडला पाहिजे. उलट बाजूने कारखानाही थांबू शकत नाही. एकदा बॉयलर पेटला आणि मोळी पडली की चार-पाच महिने दिवसरात्र गाळप चालले पाहिजे. मध्येच ऊस संपला तर त्याला ‘नो केन’ म्हणतात आणि तो प्रत्येक शेतकी अधिकाऱ्याच्या पोटात गोळा आणणारा प्रकार असतो. उत्तर प्रदेशात पर्ची, म्हणजे तोडीची चिठ्ठी, शेतकऱ्याच्या हाती देतात. तो स्वतः तोडतो, स्वतः आणून घालतो. महाराष्ट्रातल्या सहकारी कारखान्यांनी तोडणी आणि वाहतूक आपल्या अंगावर घेतली. हा निर्णय मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत धाडसी वाटतो, कारण त्यामुळे वेळापत्रक एका हाती आले, पण ते पाळणारे हात कारखान्याचे नव्हते. हिशेब करून पाहा. दिवसाला अडीच हजार टन गाळणारा कारखाना धरला आणि एक कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, दिवसाला दीड-दोन टन तोडते असे धरले, तर दररोज दीड हजाराच्या आसपास कोयते शंभर गावांच्या शिवारात एकाच वेळी चालू हवेत. हे मनुष्यबळ आले कालव्याच्या कडेने नव्हे, कोरडवाहू बाजूने: याच जिल्ह्याच्या पाथर्डी, शेवगाव, जामखेडातून आणि शेजारच्या बीडच्या आष्टी, पाटोदा, शिरूर कासारमधून. त्यांना आणणारा, फडावर लावणारा, सांभाळणारा आणि राबवणारा होता मुकादम.

मुकादम म्हणजे खऱ्या अर्थाने स्वायत्त हस्तक. कारखाना किंवा वाहतूकदार त्याला पावसाळ्यातच उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो. त्या उचलीतून तो आपल्या भागातल्या जोड्यांना उचल वाटतो आणि दसरा-दिवाळीनंतर टोळी घेऊन उतरतो. टोळीत कोण असेल, आज किती जण फडात उतरतील, आजारी पडले तर काय, भांडण झाले तर काय, हे सगळे तो ठरवतो. कारखाना ठरवतो ते फक्त कोणता फड आणि कधी. त्या दोघांमधला दुवा म्हणजे चिटबॉयच्या, शेतावर चिठ्ठी देणाऱ्या कारखान्याच्या कारकुनाच्या, हातातली चिठ्ठी. ती जवळून पाहण्यासारखी असते. तारीख, शेतकऱ्याचे नाव, गाव आणि गट नंबर, उसाची जात, पूर्वी को ४१९ किंवा को ७४०, आता बहुतेक ठिकाणी को ८६०३२, लागण की खोडवा, टोळीचा आणि मुकादमाचा नंबर, गाडीचा किंवा ट्रॅक्टरचा नंबर. गाडी कारखान्याच्या वजनकाट्यावर चढली की भरलेले वजन, गव्हाणीवरून रिकामी परतली की मोकळे वजन, दोहोंतली वजाबाकी ती उसाची. हातभर कागदाच्या त्या तुकड्यावर तिघांचा हिशेब असतो. शेतकऱ्याचा भाव त्यावर, टोळीची मजुरी त्यावर, वाहतूकदाराचे भाडे त्यावर. मुकादमाने फडात दिवसभर काय केले हे कारखान्याला माहीत नसते. माहीत असण्याची गरजही पडू नये, अशी ती चिठ्ठी बेतलेली आहे.

संगणकशास्त्र या मांडणीपाशी आपल्या वाटेने आले. डेव्हिड पार्नास यांनी १९७२ मध्ये प्रणालीचे भाग कसे पाडावेत यावर लिहिताना आग्रह धरला की प्रत्येक भागाने आतले तपशील आतच ठेवावेत आणि बाहेर फक्त ठरलेला व्यवहार दिसावा. १९८० मध्ये रीड स्मिथ यांनी कामवाटपाची एक पद्धत मांडली, तिचे नावच कंत्राटाचे जाळे असे आहे: एक संगणक काम जाहीर करतो, दुसरे आपली तयारी कळवतात, पहिला त्यातल्या एकाला काम देतो, आणि घेणारा त्याचे तुकडे पाडून आणखी कोणाला पोटकंत्राट देऊ शकतो. पाथर्डीच्या मुकादमाला हे समजावून सांगायला पाच मिनिटेही लागली नसती. आयबीएमच्या एका प्रचंड प्रणालीचे काम सांभाळलेल्या फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ मध्ये नोंदवले की रखडलेल्या सॉफ्टवेअरच्या कामावर आणखी माणसे घातली तर ते अधिकच रखडते, कारण प्रत्येक नव्या माणसाला बाकीच्या सर्वांशी बोलावे लागते. ऊसतोडीत असे का होत नाही? दहा कोयते वाढवले की ऊस खरोखरच लवकर तुटतो, कारण हरेगावच्या फडातल्या टोळीला बाभळेश्वरच्या टोळीशी एक शब्दही बोलावा लागत नाही. दोघी फक्त काट्याशी बोलतात. आज शेकडो एजंट एकाच वेळी कामाला लावता येतात म्हणून जे हरखून जातात त्यांनी हे ध्यानात घ्यावे. हात स्वस्त झाले म्हणून काम वाटता येत नाही. ते आधी वाटण्याजोगे करावे लागते.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. ऊस तोडणे म्हणजे तेच ते काम. प्रणाली बांधणे म्हणजे रचना करणे. एक टन ऊस दुसऱ्या टनासारखाच असतो, पण प्रणालीचा प्रत्येक भाग नवा असतो आणि एकाचा दुसऱ्यावर भार असतो. हे खरे आहे, आणि म्हणूनच मी मुकादमाची तुलना गाडगीळांशी करत नाही. प्रवरा कारखान्याची रचना मुकादमांनी केली नव्हती. भागभांडवल कसे उभारायचे, ऊस देण्याचे बंधन सभासदावर कसे घालायचे, भाव कसा ठरवायचा, तोडणीचा क्रम लागणीच्या तारखेवर बांधायचा, हे थोड्या डोक्यांनी एकत्र बसून ठरवले. हस्तकांकडे गेले ते त्यानंतरचे. महाराष्ट्रातच याचा संगणकातला दाखलाही आहे. पुण्याला १९८१ मध्ये सुरू झालेल्या टाटा संशोधन केंद्रात नव्वदच्या दशकात असे काम झाले की व्यवसायप्रणालीचा आराखडा माणसांनी नेमकेपणाने मांडावा आणि त्यावरून प्रत्यक्ष कोड यंत्राने निर्माण करावा. ‘मास्टरक्राफ्ट’ या नावाने ती साधने वापरात आली. तो कोडनिर्माता स्वायत्त नव्हता. आराखड्यात असेल तेच तो लिहायचा, आणि त्याच आराखड्यावरून दहा वेळा लिहायला सांगितले तर दहाही वेळा तेच लिहायचा. आजचा एजंट तसा नाही. आराखड्यात नसलेलेही तो स्वतः भरून काढतो. सगळे बळ त्यात आहे आणि सगळा धोकाही. म्हणून आराखड्याचे काम कमी होण्याऐवजी वाढते: जे सांगायचे राहिले ते पूर्वी यंत्र अडून दाखवून द्यायचे, आता ते न अडता परस्पर काहीतरी ठरवून मोकळे होते.

आपण जे मोजतो तेच हस्तक आणून घालतो, हे नगरच्या शिवारात वारंवार दिसले आहे. जळालेला ऊस लवकर खराब होतो, म्हणून कारखाने तो क्रम मोडून आधी तोडतात. नियम शहाणपणाचा होता. पण आपली पाळी येईना म्हणून हवालदिल झालेल्या शेतकऱ्याला, आणि पाचट न सोलता झटपट तोड उरकू पाहणाऱ्या टोळीला, त्यातली वाट दिसायला वेळ लागला नाही. फड पेटू लागले. मग कारखान्यांनी जळीत उसाला कपात लावली, आणि ज्याचा ऊस विजेच्या तारेने खरोखर जळला तोही त्या कपातीत भरडला गेला. तसेच ‘खुशाली’चे. टोळीला वर पैसे दिल्याशिवाय कोयता फडात उतरत नाही ही तक्रार दर हंगामाची आहे, कारण चिठ्ठीवर टन आहेत, तोडणीसाठी शेतकऱ्याला काय मोजावे लागले ते नाही. आणि खुद्द काट्याचे काय? तो कारखान्याचा. पैसे देणाराच वजन करतो, म्हणून ‘काटा मारला’ हा संशय पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. त्यासाठीच वैधमापन खात्याची भरारी पथके हंगामात काटे तपासत फिरतात, आणि गाडी आधी बाहेरच्या काट्यावर तोलून आणण्याचा हक्क शेतकरी मागत आले आहेत.

सॉफ्टवेअर एजंटांच्या बाबतीत काटा म्हणजे चाचणी. एजंटाने लिहिलेला कोड चाचण्यांत उतरला की काम झाले असे धरतात, आणि पुष्कळदा त्या चाचण्याही त्याच एजंटाने लिहिलेल्या असतात. ऊस घालणाऱ्यानेच वजन सांगावे, तसे हे आहे. चाचण्या माणसांच्या असल्या तरी प्रश्न मिटत नाही. २०२३ मध्ये संशोधकांनी बारा नावाजलेल्या खुल्या प्रकल्पांतून २,२९४ खऱ्या दुरुस्त्या गोळा करून एक परीक्षा तयार केली. तेव्हाच्या सर्वांत चांगल्या भाषा-प्रतिमानाला त्यातले दोन टक्केही सुटले नाहीत. एजंटांचे गुण पुढे झपाट्याने वाढले. मग २०२४ मध्ये ओपनएआयने ९३ प्रोग्रॅमरांकडून त्यातले १,६९९ प्रश्न तपासून घेतले, तेव्हा अनेकांचे वर्णन अपुरे निघाले आणि अनेकांच्या चाचण्या बरोबर उत्तरालाही नापास करणाऱ्या निघाल्या. शेवटी ५०० प्रश्नांचा तपासलेला संच वेगळा काढावा लागला. त्या कामाचे मला कौतुक वाटते. काटाच तपासायला हवा हे तिथे कोणाच्या तरी ध्यानात आले.

यावर उत्साही मंडळींचे उत्तर ठरलेले असते: एका एजंटाचे काम दुसऱ्याने तपासावे, दुसऱ्याचे तिसऱ्याने, इतके डोळे असल्यावर चूक सुटेल कशी? १९८६ मध्ये जॉन नाइट आणि नॅन्सी लेव्हसन यांनी याच समजुतीची परीक्षा घेतली होती. दोन विद्यापीठांत एकाच वर्णनावरून, एकमेकांशी न बोलता, २७ जणांकडून २७ प्रोग्रॅम लिहून घेतले आणि त्यांवर दहा लाख चाचण्या चालवल्या. स्वतंत्रपणे लिहिलेले प्रोग्रॅम स्वतंत्रपणेच चुकतील, ही अपेक्षा खोटी ठरली. अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक वेळा ते एकाच ठिकाणी एकदम चुकले, कारण अवघड जागा सगळ्यांनाच अवघड होत्या. ती तर निरनिराळी माणसे होती. एकाच प्रतिमानावर चालणारे दहा एजंट एकमेकांना तपासतात तेव्हा त्यांच्या समजुतीही एकाच मुशीतल्या असतात. एकाच मुकादमाच्या दहा माणसांनी एकमेकांची चिठ्ठी तपासली म्हणून कोणताही शेतकरी निर्धास्त होणार नाही.

आता सर्वांत जड गोष्ट. चिठ्ठीवर मुकादमाचा नंबर असतो, कोयत्याचे नाव नसते. कारखान्याचा करार वाहतूकदाराशी किंवा मुकादमाशी. फडात राबणारी बाई कारखान्याच्या कोणत्याच वहीत नव्हती. काम खाली सोपवता सोपवता जबाबदारीही खाली उतरत गेली आणि शेवटी कोणाच्याच हातात राहिली नाही. उचल फिटली नाही तर पुढच्या हंगामात ती फेडायची. एक दिवस पडून राहिले तर ‘खाडा’ धरून पैसे कापायचे. ज्या जोडीला दिवस मोडणे परवडत नाही तिच्यातल्या बाईने पाळीचे, बाळंतपणाचे, दुखण्याचे काय करायचे? २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला, सरकारने समिती नेमली, आणि पाहणी केलेल्या महिलांपैकी तेरा हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. हे कोणी ठरवून केले नव्हते. टन मोजणाऱ्या, तास मोजणाऱ्या, पण शरीर न मोजणाऱ्या यंत्रणेने आपला सगळा ताण तिथे ढकलला जिथे रकाना नव्हता. पाथर्डीच्या बबनराव ढाकण्यांनी, नंतर गोपीनाथ मुंड्यांनी मजुरांच्या वतीने कोयता बंद करून भाववाढ पदरात पाडून घेतली. २०२४ च्या जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढीचा करार झाला. हे लढे मोलाचे होते. पण भाववाढ त्याच टनावर मिळते. टनात जे मावत नाही त्यासाठी मजुरांची नोंदणी आणि ओळखपत्र यायला कितीतरी हंगाम जावे लागले.

इथे मला कोणी विचारील की जिवंत माणसांच्या या हालअपेष्टांची तुलना कोडाशी करणे हा त्यांचा अपमान नव्हे काय. एजंटाला भूक नाही, पाळी नाही, उचल नाही. अगदी बरोबर, म्हणूनच मी एजंटाला कोयत्याच्या जागी ठेवलेले नाही. एजंट मुकादमाच्या जागी आहे. कोयत्याच्या जागी तो आहे ज्याच्यावर त्या प्रणालीचा परिणाम होणार: पेन्शनच्या यादीतून नाव गळालेली विधवा, पीकविम्याचा अर्ज का फेटाळला हे न कळणारा शेतकरी, रुग्णालयाच्या नोंदीत चुकीचा रक्तगट लागलेला माणूस. त्यांनी एजंटाशी कधी करार केलेला नसतो आणि प्रणाली बांधून घेणाऱ्याच्या वहीतही ते नसतात. दुसरा फरक याहून गंभीर आहे. मुकादमाला गावात तोंड दाखवावे लागते. उचल घेऊन पळाला तर त्याच्यावर गुन्हा दाखल होतो, आणि तसे दर वर्षी होतातही. एजंटाला ना अब्रू, ना गाव. २०२५ च्या जुलैत अमेरिकेत एका उद्योजकाच्या प्रयोगात, काहीही बदलू नकोस असे बजावलेले असताना, एजंटाने चालू डेटाबेस पुसून टाकला आणि नंतर आपली चूक कबूलही केली. त्या कबुलीचा उपयोग काय? जाब द्यायला बांधलेले कोणी नसेल तर कबुली म्हणजे नुसते वाक्य. मग त्या जागी माणूसच बसवावा लागेल, नावानिशी, सहीनिशी. आणि एजंटाच्या हाती डेटाबेसच्या किल्ल्या द्यायच्याच नाहीत ही हद्द सूचनेत लिहून भागणार नाही, ती कुलपातच असावी लागेल. मुकादमाला कारखाना फड दाखवतो, तिजोरी दाखवत नाही.

एजंटांचा हा प्रश्न नगरकरांना परका नाही, याचे आणखी एक कारण आहे. १९८३ मध्ये राज्य सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी करून दिली तेव्हा लोणीला प्रवरा, संगमनेरला अमृतवाहिनी आणि कोपरगावला संजीवनी ही तिन्ही महाविद्यालये एकाच वर्षी निघाली. तिन्हींच्या मागे सहकारी साखर कारखाने आणि त्यांचे नेतृत्व होते. बागायतदारांची मुले तिथून शिकून पुण्याला गेली आणि संगणकाच्या धंद्यात रुळली. कोरडवाहू भागातलीही गेली, संख्येने कमी. नव्या प्रोग्रॅमरला कंपन्या ज्या लहानसहान दुरुस्त्या देऊन तयार करत आल्या, नेमकी तीच कामे आता एजंटांकडे चालली आहेत. कच्च्या माणसाला काम शिकवण्याचा खर्च कंपनीच्या हिशेबात दिसतो. दहा वर्षांनी आराखडा मांडू शकणारी, काटा तपासू शकणारी पक्की माणसे कमी पडतील, हा तोटा आज कोणत्याच हिशेबात दिसत नाही.

ऊसतोडीतही यंत्र आले आहे. टोळ्या मिळेनात म्हणून कारखाने हार्वेस्टरकडे वळले, आणि २०२३ मध्ये त्याच्या खरेदीला किमतीच्या ४० टक्के किंवा ३५ लाख रुपये, यांतले कमी असेल तितके अनुदान जाहीर झाले. पण अडीच-तीन फुटी सरीत ते चालत नाही. शेतकऱ्याला चार-पाच फुटी सरी पाडावी लागते, म्हणजे लागणीच्या वेळीच शेत यंत्राच्या मापाने आखावे लागते. यंत्र उसाचे तुकडे करते, त्यात पाचट मिसळते, आणि काट्यावर पाचटाची कपात किती धरायची यावर लगेच वाद उभा राहिला. एकच टक्का सगळ्यांना लावण्यापेक्षा गाडीतून नमुना काढून, शेतकऱ्यासमोर पाचट निवडून, दोन्ही तोलून कपात ठरवणे अधिक न्यायाचे आहे. त्याला वेळ आणि माणूस लागतो, एवढीच त्याची अडचण. वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकून हंगामात चार पैसे जोडणाऱ्या जोडीला यंत्राच्या फडात वाढेही मिळत नाही. पाथर्डी-शेवगावातून यंदा किती कोयते निघाले ते मुकादमाला ठाऊक असते; यंत्र आल्यामुळे किती निघू शकले नाहीत, हे तालुक्याच्या कचेरीत आतापासून मोजले गेले पाहिजे.